टिचकूचं मेथीचं पान

मेथीची एक जुडी होती. जुडीत एक पान होतं. पानावर एक नाकतोडा होता.

केवढा? तुझ्या करंगळीच्या नखाएवढा. त्याहून मोठा नाही. नाव त्याचं टिचकू. अंग हिरवं, पाय हिरवे, मिशा मात्र लांबच लांब. चालणं त्याला ठाऊकच नव्हतं. तो उडी मारायचा. टिच्च. मग थांबायचा. मग पुन्हा टिच्च.

मेथीचं पान कसं असतं, पाहिलं आहेस ना? एकाच देठाला तीन पानं. टिचकूला तेवढी पुरत. एक गादी, एक उशी, एक पांघरूण. गादीवर पडायचं. उशीवर मिशा ठेवायच्या. पांघरूण ओढून घ्यायचं. दुसऱ्या कुठल्या पानावर त्याला झोपच येत नसे. तुला नाही का तुझी ती विरलेली गोधडीच लागते? टिचकूचंही तसंच होतं.

बुधवार होता. बाजाराचा दिवस. सकाळी बाजारात मेथीच्या खूप जुड्या होत्या. दुपारी थोड्या राहिल्या. संध्याकाळी एकच राहिली. ती काही उरली नव्हती बरं का. ती ठेवली होती. हौसामावशी भाजी विकायला बसायची. तिनं ती जुडी ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली होती, जुईच्या आईसाठी.

जुईची आई कापडाच्या दुकानात कामाला होती. तिथं दिवसभर उभं राहायचं. गिऱ्हाईक आलं की साडी उलगडायची, फर्र. गिऱ्हाईक गेलं की घडी घालायची, थप थप. फर्र, थप थप. फर्र, थप थप. सगळ्या गावाची खरेदी झाली की मग आईची सुटी. तोवर बाजार उठायला आलेला असे. मग आई लगबग लगबग बाजारात यायची.

"आलीस का बाई?" हौसामावशी म्हणाली. "घे तुझी जुडी."

"आज पण उशीर झाला, मावशी."

"तुझा उशीर दर बुधवारचा, माझी जुडी दर बुधवारची. जा आता, लेक वाट बघत असंल."

बटाटे गेले पिशवीत. टोमॅटो गेले पिशवीत. सगळ्यात वर गेली मेथी. आईनं पिशवीच्या बंदांना गाठ मारली. पिशवी स्कूटरला लावली. भुर्र. पाळणाघरातून जुईला घेतलं. भुर्र. घर आलं. एका हातात पिशवी, कडेवर जुई. आई जिना चढली. दार उघडलं. पिशवी खाली ठेवली. धप्प.

धप्प झालं आणि टिचकू उडाला. गाठीशेजारी एक फट होती. त्या फटीतून तो बाहेर आला. टिच्च.

टिचकू बाहेर. पान आत.

टिचकू फरशीवर बसला. फरशी गार होती. गादी नाही, उशी नाही, पांघरूण नाही. आणि पिशवीत कोंडलं की पान सुकतं, हे त्याला ठाऊक होतं. अंधार पडायच्या आत पान मिळालं तर बरं. नाहीतर ते सुकून चोळामोळा होणार. टिचकूला रडू आलं. नाकतोड्याचं रडू फार बारीक असतं. कुणाला ऐकूच गेलं नाही. थोडं रडून झालं, मग तो उठला.

टिच्च टिच्च, उडी टिच्च.

टिचकू आला पिशवीकडे. पिशवी निळी होती. कोपऱ्याला ठिगळ होतं. ती भिंतीला टेकून बसली होती.

टिचकू म्हणाला,

"पिशवीबाई, पिशवीबाई, उघडा ना.
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

पिशवी म्हणाली, "अरे बाळा, मी काय माझ्या मनानं उघडते? माझ्यात मेथी आहे. मेथी कशाला? भाजीला. भाजी कशात होते? कढईत. कढई तापत नाही, म्हणून मी उघडत नाही. जा, कढईला सांग."

टिचकू निघाला. टिच्च टिच्च, उडी टिच्च. वाटेत दोन पावलं आली. मोठी मोठी पावलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. लगबग लगबग. टिचकूनं अंग चोरून घेतलं. पावलं गेली. मग तो ओट्यावर चढला.

कढई होती लोखंडाची. काळी कुळकुळीत. थोडी रागीट.

टिचकू म्हणाला,

"कढईमावशी, कढईमावशी, तापा ना.
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

कढई म्हणाली, "रिकामी तापू? आणि करपून घेऊ? मला आधी तेल लागतं. किटली तेल देत नाही, म्हणून मी तापत नाही. जा, किटलीला सांग."

टिच्च टिच्च, उडी टिच्च. किटली शेजारीच होती. तेलाची किटली, नळीच्या तोंडाची. टिचकू तिच्या झाकणावर बसला. ठण्ण वाजलं. किटली आतून रिकामी होती.

टिचकू म्हणाला,

"किटलीआजी, किटलीआजी, तेल द्या ना.
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

किटली म्हणाली, "असतं तर दिलं नसतं का रे? शेवटचा चमचा सकाळी जुईच्या धिरड्याला गेला. आता माझ्यात नुसता वास आहे. खाली मुरलीकाकांचं दुकान आहे. तिथून तेलाचा पुडा येतो, तो माझ्यात ओततात. काका पुडा देत नाहीत, म्हणून मी तेल देत नाही. जा, काकांना सांग."

पुन्हा ती दोन पावलं आली. लगबग लगबग. आता त्यांच्याबरोबर एक बादलीही होती. टिचकू भिंतीला चिकटला. पावलं गेली. मग तो खिडकीत चढला. खिडकीतून बाल्कनीत. बाल्कनीतून खाली. टिच्च टिच्च, उडी टिच्च.

मुरलीकाकांचं दुकान बरोबर बाल्कनीखाली होतं. काका चष्मा पुसत बसले होते. टिचकू गुळाच्या ढेपेवर उतरला. पाय थोडे चिकटले. त्यानं एकेक सोडवून घेतला.

टिचकू म्हणाला,

"मुरलीकाका, मुरलीकाका, पुडा द्या ना.
काका पुडा देत नाहीत,
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

काकांनी चष्मा घातला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग गुळावर पाहिलं.

"तू होय?" काका म्हणाले. "हे बघ, जुईच्या आईची यादी दर बुधवारी येते. यादीचा फोटो काढते ती. माझ्या फोनवर टिंग होतं. मग मी एकेक सामान काढतो. आज टिंग झालंच नाही."

"मी सांगतो ना. तेल पाहिजे," टिचकू म्हणाला.

"तोंडी नको, बाबा. तोंडी सांगितलं की मी घोळ घालतो. मागं एकदा साखरेच्या जागी मीठ दिलं. जुईचा शिरा खारट झाला. जुई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून कागद असेल तरच सामान. यादी येत नाही, म्हणून मी पुडा देत नाही. जा, यादीला सांग."

टिचकू परत वर निघाला. खाली येणं सोपं होतं, वर जाणं अवघड. भिंतीला एक पाइप होता. पाइपावरून एकेक उडी. टिच्च. थांब. टिच्च. थांब. वर आला तेव्हा ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं. दारात पिशवी तशीच होती. गाठ तशीच होती.

"पाना, सुकू नकोस हं," टिचकू पिशवीला तोंड लावून म्हणाला. पान काही बोललं नाही. पानं बोलत नसतात.

यादी फ्रिजच्या दारावर होती. वरून तिला चुंबकाचं फुलपाखरू लावलं होतं. वारा आला की यादी वाजायची. फडफड, फडफड.

टिचकू म्हणाला,

"यादीताई, यादीताई, जा ना.
यादी जात नाही,
काका पुडा देत नाहीत,
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

यादी म्हणाली, "मी अर्धीच आहे रे. वाच मला. रवा. मीठ. साबण. जुईची बिस्किटं. पुढं काय आहे?"

"पुढं काही नाही," टिचकू म्हणाला.

"तेच तर. सकाळी आई मला लिहीत होती. तेवढ्यात दूध उतू गेलं. आई तिकडं धावली. परत आली तर पेन्सिल गायब. मग कामाला जायची वेळ झाली. आई तशीच निघून गेली. अर्धी यादी कशी पाठवतात? पेन्सिल लिहीत नाही, म्हणून मी जात नाही. जा, पेन्सिलीला सांग."

आता पेन्सिल कुठं शोधायची? टिचकूनं फ्रिजखाली पाहिलं. तिथं एक वाटाणा होता. खुर्चीखाली पाहिलं. तिथं जुईचा एक मोजा होता. दुसरा कुठं होता ते कुणालाच माहीत नाही, सोडून दे. पलंगाखाली पाहिलं. तिथं धूळ होती. टिचकूला शिंक आली. च्छिक्.

दाराच्या मागं पडदा होता. पडद्याच्या मागं जुई होती. जुईची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीतून पेन्सिलीचं टोक दिसत होतं. चावून चावून चपटं झालेलं टोक. सकाळी तिनंच ती पडद्यामागं लपवून ठेवली होती.

टिच्च. टिचकू मुठीवर बसला.

टिचकू म्हणाला,

"पेन्सिलताई, पेन्सिलताई, लिहा ना.
पेन्सिल लिहीत नाही,
यादी जात नाही,
काका पुडा देत नाहीत,
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

पेन्सिल आतून म्हणाली, "कशी लिहू? मला हलता येत नाही. इथं काळोख आहे. आणि थोडं चिकटही आहे. जुई मूठ सोडत नाही, म्हणून मी लिहीत नाही. जा, जुईला सांग."

जायचं कुठं? जुई तिथंच होती. टिचकू मुठीवरून मनगटावर आला. मनगटावरून कोपरावर. कोपरावरून खांद्यावर. मग तिच्या कानाशी बसला.

टिचकू म्हणाला,

"जुईताई, जुईताई, मूठ सोडा ना.
जुई मूठ सोडत नाही,
पेन्सिल लिहीत नाही,
यादी जात नाही,
काका पुडा देत नाहीत,
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

जुईनं मूठ आणखी घट्ट केली.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "पेन्सिल दिली की आई लिहिणार. मग सामानासाठी टोपली खाली सोडणार. मग भाजी करणार. मग भांडी. मग कपडे. मग मला झोप येणार. मग आई माझ्याजवळ कधी बसणार?"

टिचकू तिच्या कानाशी आणखी सरकला.

"आई बसत नाही," जुई म्हणाली, "म्हणून मी मूठ सोडत नाही."

जुई हट्टी मुलगी नव्हती हं. दिवसभर ती पाळणाघरात शहाण्यासारखी राहिली होती. शहाण्यासारखी जेवली, शहाण्यासारखी झोपली. आई गेली तेव्हा रडली नाही. आई यायला उशीर झाला तेव्हाही रडली नाही. बाबा दुसऱ्या गावी कामाला होते, ते शनिवारी येत. आता आई घरी आली होती आणि जुईला आई पाहिजे होती. बिस्कीट नको, टीव्ही नको, आई पाहिजे होती. तिला आता अजून शहाणं राहायचं नव्हतं.

टिचकू उठला. टिच्च टिच्च, उडी टिच्च.

आई कुठं होती? टिचकूला सगळीकडं ती दोन पावलंच दिसली होती. इकडून तिकडं, तिकडून इकडं. आता ती मोरीपाशी होती. टिचकू पावलावर चढला. पाऊल तापलेलं होतं, सुजलेलं होतं. पावलावरून ओढणीवर. ओढणीवरून वर, वर, आणखी वर. टिचकू आईच्या खांद्यावर आला. आई जुईची पाण्याची बाटली धूत होती. नळ चालू होता.

टिचकू म्हणाला,

"जुईच्या आई, जुईच्या आई, बसा ना.
आई बसत नाही,
जुई मूठ सोडत नाही,
पेन्सिल लिहीत नाही,
यादी जात नाही,
काका पुडा देत नाहीत,
किटली तेल देत नाही,
कढई तापत नाही,
पिशवी उघडत नाही,
माझं पान मिळत नाही,
मला झोप येत नाही."

आईनं खांद्याकडं पाहिलंही नाही. तिला वाटलं, आपलंच मन बोलतंय. ते रोजच असं काही काही बोलत असे.

"आत्ता कशी बसू?" आई म्हणाली. "भाजी व्हायची आहे. भाजी होत नाही, म्हणून मी बसत नाही."

"भाजी का होत नाही?" टिचकूनं विचारलं.

"पिशवी उघडत नाही, म्हणून."

पिशवीकडं तर टिचकू जाऊन आला होता. सगळ्यात आधी तिथंच गेला होता. आता पुढं कुणाकडं जायचं? पुढं कुणीच नव्हतं. पुन्हा पिशवीकडून निघाला असता, तर फिरून फिरून पुन्हा इथंच आला असता, आईच्या खांद्यावर. बाहेर उजेड कमी होत चालला होता. टिचकूच्या मिशा खाली झुकल्या.

"पिशवीकडं मी जाऊन आलो, आई," तो हळूच म्हणाला. "ती कढईसाठी थांबली आहे. कढई किटलीसाठी थांबली आहे. किटली काकांसाठी. काका यादीसाठी. यादी पेन्सिलीसाठी. पेन्सिल जुईसाठी. आणि जुई तुमच्यासाठी."

आईनं नळ बंद केला.

घर एकदम शांत झालं. आईनं बोटांवर मोजलं. पिशवी, कढई, किटली, काका, यादी, पेन्सिल, जुई. सात बोटं झाली. आठवं बोट तिनं तसंच वर धरलं. आठवी ती स्वतःच होती.

"सगळे माझ्यासाठी थांबलेत," आई म्हणाली. "आणि मी सगळ्यांसाठी."

तिचे पाय दुखत होते. सकाळपासून दुखत होते. पण ते तिला आत्ता कळलं.

भाजी झाली नव्हती. कपडे वाळत घालायचे होते. बाटली अर्धीच धुतली होती.

तरी आई बसली. स्वयंपाकघरात, खाली फरशीवर, ओट्याला पाठ टेकून, पाय लांब करून. हुश्श.

पडदा हलला. जुई बाहेर आली. तिनं आधी नीट पाहिलं. आई खरंच बसली आहे का? की नुसतं काही उचलायला वाकली आहे? आई खरंच बसली होती. मग जुई धावली. दुडुदुडु दुडुदुडु. आली ती थेट मांडीत.

थोडा वेळ काहीच झालं नाही. जुईनं आईच्या पोटात डोकं खुपसलं. आईनं तिच्या केसांत हात घातला. केसांत वाळू होती, पाळणाघरातली. आईनं ती झटकली नाही. टिचकूला घाई होती. त्याचं पान सुकत होतं. पण तोही थांबला. त्या दोघींना बघून त्यालाही जरा बरं वाटत होतं.

मग जुईची मूठ सुटली. आपली आपणच सुटली. पेन्सिल घरंगळली. टुर्र.

"अगं, ही तुझ्याकडं होती?" आई म्हणाली. ती रागावली नाही. तिनं यादी आणली आणि पुन्हा खाली बसली. पेन्सिलीनं लिहिलं, तेल. मग पेन्सिल जुईनं घेतली. तिनंही शेवटी एक ओळ लिहिली, गोल गोल, वाकडी वाकडी.

यादीचा फोटो गेला. खाली दुकानात वाजलं, टिंग.

मुरलीकाकांनी चष्मा घातला. रवा काढला, मीठ काढलं. मीठ आहे ना, म्हणून चाखून पाहिलं. साबण काढला. बिस्किटं काढली. तेलाचा पुडा काढला. जुईची ओळ त्यांनी फोन उलटा धरून पाहिली, सुलटा धरून पाहिली. मग एक चिक्की टाकली.

आईनं आणि जुईनं बाल्कनीतून टोपली सोडली. दोरी खाली गेली. कुर्र कुर्र. टोपली भरली. दोरी वर आली. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

किटली भरली. गुळुक गुळुक. किटलीनं तेल दिलं. कढई गॅसवर चढली. कढई तापली. आईनं पिशवीची गाठ सोडली. पिशवीनं मोठा श्वास सोडला. आईनं मेथीची जुडी बाहेर काढली. आणि दुसऱ्या हातानं सुरी घेतली.

टिचकू घाबरला. इतका वेळ त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पिशवी उघडली, की मेथी चिरणार. मेथी चिरली, की कढईत जाणार. जुडीभर मेथीत त्याचं एक पान कोण बघणार? घाईच्या दिवशी आई भाजी निवडतच नसे. देठासकट चिरायची, सगळी एकदम. टिचकूनं हाका मारल्या. पण तेल तडतडत होतं. त्याचं बारीक बोलणं त्यात बुडून गेलं.

"आई, मी निवडते," जुई म्हणाली.

आईनं सुरीकडं पाहिलं. कढईकडं पाहिलं. जुईकडं पाहिलं.

"तुला एकेक पान निवडायला किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"खूप," जुई म्हणाली.

आईनं गॅस बंद केला.

"मी आत्ता तर तापले होते," कढई पुटपुटली.

आईनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला आई, एका बाजूला जुई, मध्ये मेथी. चांगलं पान इकडं. देठ तिकडं. खराब पान कोपऱ्यात. आई भराभर निवडत होती. जुई मात्र प्रत्येक पान डोळ्यांसमोर धरायची. पुढून बघायची, मागून बघायची, मग ठेवायची. एक पान झालं. दोन पानं झाली. पाळणाघरात आज काय झालं, ते तिनं मधेमधे सांगितलं. एका मुलानं रंग खाल्ला होता. आईनं सगळं ऐकलं.

"याला भोक आहे," जुई म्हणाली.

"कुणीतरी खाल्लंय. ठेव कोपऱ्यात," आई म्हणाली.

कुणीतरी म्हणजे कोण? सकाळी कुणाला भूक लागली होती? कुणी पांघरूण मधोमध कुरतडून न्याहारी केली होती? टिचकूनं उडी मारली. टिच्च. बरोबर कोपऱ्यात. एक गादी, एक उशी, एक पांघरूण. त्याचंच पान.

पान मलूल झालं होतं. उशी लोळागोळा झाली होती. टिचकू तिला पुढच्या पायांनी उचलायला गेला, पण ती उभी राहीना. त्याला पुन्हा रडू आलं. बारीक रडू. पण जुई आता खाली बसली होती, अगदी जवळ. तिला ते ऐकू गेलं.

"आई, हे याचं आहे," जुई म्हणाली.

तिनं पान उचललं. टिचकूसकट उचललं. पाण्याच्या वाटीत देठ ठेवला. बोट बुडवून वरून एक थेंब सोडला. टप्. मग दोघी बघत बसल्या. भाजी तशीच राहिली, आणि दोघी एक पान बघत बसल्या. हळूहळू पान उठलं. आधी गादी, मग उशी, मग भोकाचं पांघरूण.

आई बसली,
जुईनं मूठ सोडली,
पेन्सिलीनं लिहिलं,
यादी गेली,
काकांनी पुडा दिला,
किटलीनं तेल दिलं,
कढई तापली,
पिशवी उघडली,
टिचकूला पान मिळालं,
टिचकूला झोप आली.

त्या दिवशी भाजीला उशीर झाला. फार नाही, एका मांडीएवढा. जुई दोन वेळा भाजी मागून जेवली, कारण ती तिनं निवडली होती. दर चार घासांनी ती वाटीकडं बघायची. टिचकू पाय पोटाशी घेऊन झोपला होता. मिशा उशीवर होत्या. एक मिशी पांघरुणाच्या भोकातून बाहेर आली होती.

आता बुधवार आला की जुईची आई बाजारातून येते, पिशवी दारात ठेवते आणि आधी बसते. पिशवी थांबते, कढई थांबते, मुरलीकाकाही थांबतात. कुणाचं काही बिघडत नाही.

आठ कड्यांची साखळी सुटली, गोष्ट पांघरुणात शिरली.

आणि ही गोष्ट वाचणाऱ्या आई, गॅस बंद आहे ना? मग लगेच उठू नकोस. अजून थोडी बस.